ताई, मग तारपा कोण?

(वार्षिक सहाय्यक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



दरवर्षी मी इथे उभी राहते ती वही घेऊन. किती मुले दहावीला बसली, किती पास झाली, विहिरीला पाणी कधीपर्यंत पुरले, तांदूळ किती लागला. या वर्षी ते सगळे अहवालात छापले आहे आणि अहवाल तुमच्या हातात आहे, तेव्हा त्यातच वेळ घालवत नाही. मला आज सांगायचे आहे ते असे की, आपल्या डहाणूकडच्या वसतिगृहातल्या मुलांना मी ऑर्केस्ट्रातली वाद्ये गोष्टीतून शिकवायला गेले आणि त्यात काय झाले. विषय ऐकून मागच्या बाकावरचे दोन-तीन काका हसले ते मी पाहिले. हसा, हरकत नाही. ज्या मुलांच्या पायात चप्पल नाही त्यांना व्हायोलिन कशाला, असे मलाही पहिल्यांदा वाटले होते.

सुरुवात एका तक्त्याने झाली. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी मुंबईहून जुन्या शालेय साहित्याची दोन खोकी पाठवली. त्यात फळ्याएवढा एक रंगीत तक्ता होता, ऑर्केस्ट्रातल्या सगळ्या वाद्यांचा. मी तो अभ्यासाच्या खोलीत लावला. मुले भोवती जमली. फ्रेंच हॉर्न पाहून एक म्हणाला, हा गोगलगायीचा भोंगा. चेलो पाहून दुसरा म्हणाला, हे व्हायोलिन जेवून आलेले दिसते. मला वाटले, वा, आवड आहे. मी छडी घेऊन शिकवायला लागले. हे व्हायोलिन, याला चार तारा. हा ओबो. हा बसून. आठवडाभर रोज पाच नावे. आठव्या दिवशी विचारले तर व्हायोलिन सोडून एकालाही एक नाव आठवेना. आठवेल कसे? ज्याचा आवाज कधी ऐकला नाही त्या वस्तूचे नाव म्हणजे नुसता शब्द. थिऑलॉजीच्या डिप्लोमाला असताना उपदेशशास्त्राचे आमचे सर सांगायचे, लोकांना आधी गोष्ट द्या, शिकवण गोष्टीच्या पाठीमागून चालत येते. परीक्षेत मी ते लिहून गुण मिळवले होते. छडी हातात आल्यावर विसरले.

त्याच दिवसांत वसईहून एक बहीण काही कामासाठी आल्या. त्या लहान मुलांना व्हायोलिन शिकवतात. तक्ता आणि माझी छडी पाहून त्या म्हणाल्या, ताई, हे असे नाही होणार, तुम्ही त्यांना पीटर आणि लांडग्याची गोष्ट सांगा. मी नाव ऐकले होते, पुढे काही माहीत नव्हते. त्यांनी सांगितले ते, आणि नंतर मी वाचून जमवले ते, थोडक्यात सांगते.

1936 साली मॉस्कोमध्ये नताल्या सात्स नावाच्या बाई मुलांचे नाट्यगृह चालवत. त्यांच्या मनात होते की लहान मुलांना ऑर्केस्ट्रातली वाद्ये ओळखता यावीत, पण धड्यासारखी नव्हे. त्यांनी सर्गेई प्रोकोफिएव्ह या संगीतकाराला गळ घातली. तो बरीच वर्षे परदेशात राहून बायकामुलांसह मायदेशी परतत होता, आणि स्वतःच्या मुलांना घेऊन या नाट्यगृहात आलेला होता. कोणीतरी पद्यात लिहून दिलेली गोष्ट त्याला पसंत पडली नाही, म्हणून गोष्टही त्याने स्वतःच लिहिली, आणि थोड्याच दिवसांत सगळे संगीत तयार केले. जेमतेम पंचवीस मिनिटांचे काम. 2 मे 1936 ला पहिला प्रयोग झाला. त्याला लोक फारसे आले नाहीत आणि जे आले त्यांनी फार कौतुकही केले नाही. आज जगातल्या असंख्य मुलांची वाद्यांशी पहिली ओळख याच गोष्टीतून होते. नताल्याबाईंचे पुढे काय झाले तेही सांगते, कारण मला ते वाचून झोप आली नाही. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली. त्यांच्या पतीला गोळी घातली गेली. बाईंनी पाच वर्षे कैदेत आणि छावण्यांत काढली. सुटल्यावर कझाकस्तानात त्यांनी पुन्हा मुलांसाठी नाट्यगृह उभे केले, आणि 1965 मध्ये मॉस्कोला मुलांचे संगीत नाट्यगृह. एकदाही, आता पुरे, म्हटले नाही.

तर गोष्ट. पीटर नावाचा मुलगा आजोबांकडे राहतो. सकाळी फाटक उघडून तो कुरणात जातो. झाडावर त्याची मैत्रीण, एक चिमणी पाखरू. फाटक उघडे राहिले म्हणून बदकही मागोमाग येते आणि तळ्यात उतरते. पाखरू आणि बदक भांडतात, तुला पोहता येत नाही, तुला उडता येत नाही, तू कसला पक्षी! तेवढ्यात मांजर गवतातून दबा धरून येते. आजोबा येऊन पीटरला रागावतात, लांडगा आला असता म्हणजे? आणि त्याला घरात नेऊन फाटक लावून घेतात. मग खरोखर लांडगा येतो. मांजर झाडावर चढते, बदक घाबरून तळ्याबाहेर पळते आणि लांडगा त्याला गिळून टाकतो. पीटर दोरी घेऊन भिंतीवरून झाडाच्या फांदीवर जातो, पाखराला लांडग्याच्या डोक्याभोवती फिरायला सांगतो आणि वरून फास टाकून लांडग्याची शेपटी पकडतो. शिकारी बंदुका उडवत येतात. पीटर म्हणतो, मारू नका, याला प्राणिसंग्रहालयात नेऊ. मिरवणूक निघते. आणि शेवटी कान देऊन ऐकले तर लांडग्याच्या पोटातून बदकाचा आवाज येतो, कारण घाईत त्याने ते जिवंतच गिळलेले असते.

यातले प्रत्येक पात्र म्हणजे एक वाद्य आहे. पाखरू म्हणजे फ्लूट. बदक म्हणजे ओबो. मांजर म्हणजे क्लॅरिनेट, खालच्या सुरात, पाय न वाजवता चालणारे. आजोबा म्हणजे बसून. लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न. शिकाऱ्यांच्या बंदुका म्हणजे टिंपनी आणि मोठा ढोल. आणि पीटर म्हणजे व्हायोलिनपासून डबल बेसपर्यंत सगळी तंतुवाद्ये. पात्र आले की त्याची धून येते. ती पाच-सहा वेळा कानावर पडली की मूल वाद्य विसरत नाही.

आता मी हे कसे केले ते सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण रविवारच्या शाळेत शिकवता, तुम्हांला उपयोगी पडेल. मी तक्ता उलटा करून भिंतीला टांगला. रात्रीच्या जेवणानंतर मोबाइलला छोटा स्पीकर जोडला. पहिल्या रात्री गोष्ट सांगितलीच नाही. फक्त फ्लूटची धून लावली आणि विचारले, हे कोण? तीन-चार हात वर आले. पाखरू, खार, पाण्यातला खडा. ठीक. मग ओबो. इथे मी एक गोष्ट शिकले. पुस्तकात बदक आहे म्हणून मी बदकाची वाट बघत होते. आमच्या मुलांनी एका सुरात सांगितले, सनई! आणि बरोबर सांगितले. ओबोच्या तोंडाशी दोन पातळ पात्या एकमेकींवर बांधलेल्या असतात आणि त्यांच्या फटीतून हवा फुंकली जाते. सनईची पत्ती अशीच जोडीची. लग्नात सनई ऐकलेल्या मुलाला ओबो हा नातेवाईकच वाटणार. क्लॅरिनेटला पत्ती एकच, ती मुखाला बांधलेली. ते आमच्या काही मुलांनी वरातीच्या बँडमध्ये पाहिलेही होते, नाव तेवढे नव्हते.

मग रोज थोडे. एका रात्री दोनच वाद्ये, जास्त नाही. आधी आवाज, मग कोण असेल याचा अंदाज, मग गोष्टीतला तेवढाच तुकडा, आणि अगदी शेवटी तक्ता सुलटा करून चित्र. बसूनची नळी सरळ केली तर सुमारे आठ फूट भरते, म्हणून ती दुमडलेली असते. हे सांगितले तेव्हा मुलांनी अंगणात आठ फूट मोजून रेघ मारली. फ्रेंच हॉर्नची गुंडाळलेली नळी उलगडली तर सुमारे बारा फूट. तीही रेघ मारली. ती रेघ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि स्वयंपाकाच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी शेणाने सारवून पुसून टाकली. टिंपनीचे सांगितले की तिचे पूर्वज म्हणजे आपले नगारे, अरबांकडून युरोपात गेलेले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, मग आपलेच त्यांनी नेले! मी म्हटले, आपले नाही, अरबांचे. तो म्हणाला, म्हणजे जवळचेच.

लांडग्याने मात्र पंचाईत केली. डहाणूच्या डोंगरात मुलांना बिबट्या माहीत आहे, तरस माहीत आहे, कोल्हा तर रोजचा. लांडगा कोणी पाहिलेला नाही. मी म्हटले, समजा तरस. तीन हॉर्न एकदम वाजले. मोठी मुले उगाच घाबरल्यासारखे करून हसली. पण तिसरीतली एक मुलगी आहे, ती सहसा बोलत नाही, ती म्हणाली की हा वाईट आवाज नाही. मी विचारले, मग कसला आहे? तिने सांगितले की रात्री लांबच्या पाड्यावर तारपा वाजतो तेव्हा असे ऐकू येते. आणि मग तिने मला विचारले, ताई, मग तारपा कोण?

म्हणजे या गोष्टीत तारपा कोण आहे. फ्लूट पाखरू आहे, बसून आजोबा आहेत, तर तारपा कोण आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी तारपा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वारली चित्रांत गोल फेर धरून नाचणाऱ्या माणसांच्या मधोमध एक जण लांब वाद्य फुंकताना दिसतो ना, तोच. वाळवलेला दुधी भोपळा, तो हवेची पिशवी म्हणून. त्यात खाली बांबूच्या दोन नळ्या, प्रत्येकीत चिरलेल्या बांबूची जिभली, बोटांसाठी भोके. शेवटाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला मोठा कर्णा. सांधे मेणाने बंद केलेले. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो आणि वाद्य अखंड चालते. भाताची कणसे भरल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत पाड्यांवर तारपा घुमतो. तारपेवाला चाल बदलतो तेव्हा नाचणाऱ्यांचे पाय बदलतात. तो जिकडे वळतो तिकडे फेर वळतो.

आता मला जे सांगायचे आहे ते जरा जड आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. झोपायची वेळ झाली म्हणून सगळ्यांना उठवले. कारण त्या वेळी वसतिगृहात एक तारपा होता, आणि तो माझ्या कार्यालयातल्या कपाटावर, गोणपाटात गुंडाळून, मीच ठेवलेला होता.

त्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुटीनंतर पाचवीतला एक मुलगा तो घरून घेऊन आला होता. त्याचे वडील तारपा वाजवतात. आजोबाही वाजवत. मुलाला शिकायचे होते, म्हणून वडिलांनी जुना, लहान आकाराचा दिला होता. मी त्याला सांगितले, हे इथे चालणार नाही, अभ्यासात व्यत्यय येतो, सुटीला जाताना घेऊन जा. मुलगा काही बोलला नाही. मे महिन्याच्या सुटीला तो गेला तेव्हा मला आठवण राहिली नाही आणि त्याने मागितला नाही.

अभ्यासात व्यत्यय हे खरे कारण नव्हते, बंधुभगिनींनो. आपण सगळे घरचेच आहोत म्हणून सांगते. वारली समाजात तारपा म्हणजे नुसती करमणूक नाही. नवे धान्य, पाऊस, त्यांचे देव यांच्याशी तो बांधलेला आहे. मला भीती वाटली की भेटीला आलेल्या कोणी सहाय्यकांनी आपल्या वसतिगृहात तारपा ऐकला तर काय म्हणतील. मुलांना आपण इथे कशासाठी ठेवले आहे, असे विचारतील. म्हणजे मी तुम्हांला घाबरले होते. तुमच्यापैकी कोणी मला कधी तसे म्हटले नव्हते. तुम्ही म्हणायच्या आधीच मी तुमच्या नावाने निकाल देऊन टाकला.

आणि त्या रात्री मी पीटर आणि लांडग्याची गोष्ट आठवत पडले होते. तीन चांगली वाद्ये घ्यायची, आणि मुलाला सांगायचे की हा लांडगा. बिचाऱ्या हॉर्नचा काय दोष? त्याचा सूर गोड आहे, युरोपात तो शिकारीच्या शिंगापासून आला, गोष्टीची गरज म्हणून त्याला लांडगा केले. गोष्टीत ते शोभते, कारण पुढच्या तुकड्यात दुसरी गोष्ट असते आणि तिथे तोच हॉर्न दुसरे कोणी होतो. मी मात्र एका मुलाच्या घरच्या वाद्याला एकदाच नाव देऊन कपाटावर ठेवले होते.

आपल्याच मंडळीचा इतिहास मला माहीत नव्हता असे नाही. नारायण वामन टिळकांचा 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला. त्यांच्या हातून मराठी मंडळीला भजने मिळाली, ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. टाळ, मृदंग, एकतारी ही वाद्ये तोवर कोणाच्या देवळातली होती? आणि ज्या पेटीवाचून आपले एकही भजन होत नाही ती पेटी तर युरोपातून आली. आज तिला कोणी परकी म्हणत नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुले व्हायोलिन आणि नोटेशन शिकली म्हणून मुंबईच्या चित्रपटसंगीताला वादक मिळाले. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. आज मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, 2006 पासून. वाद्ये इकडून तिकडे जातच असतात. मला हे सगळे पाठ होते. तरी तारपा कपाटावरच.

दुसऱ्या दिवशी खाली काढला. कर्णा एका बाजूने दबला होता. मेण वाळून तडकले होते. आता सहावीत गेलेल्या त्या मुलाला बोलावून हातात दिला. त्याने फुंकून पाहिले. हवा सगळ्या सांध्यांतून फुसफुसत गेली, सूर नाही. मुलाने माझ्याकडे पाहिले नाही, वाद्याकडेच पाहत राहिला. मी माफ कर म्हणाले. त्याला काय बोलावे कळेना, मलाही.

मग त्याच्या वडिलांना निरोप पाठवला. ते शनिवारी आले, लावणीची कामे टाकून. मी जे झाले ते सांगायला लागले तर म्हणाले, बाई, पावसात मेण असेच करते. पावसाचा काही संबंध नव्हता, हे त्यांना माहीत होते आणि मला माहीत होते. दिवसभर पडवीत बसून त्यांनी जुने मेण खरवडले, नवे बसवले, जिभल्या नव्या कापल्या. साठ मुले भोवती. मी तक्त्यावर जे शिकवू शकले नव्हते ते त्या दिवशी मुलांना हातात धरून कळले: हवा कुठून जाते, जिभली जाड राहिली तर काय होते, भोक थोडे वर घेतले तर काय होते. एकाने विचारले, क्लॅरिनेटची जिभली अशीच का? मी म्हटले, होय, अशीच एकेरी. त्या मुलाने वडिलांना समजावून सांगितले की मांजराचे वाद्य आपल्यासारखे असते. वडिलांनी मान हलवली. त्यांना कोणते मांजर ते कोणी सांगितले नव्हते.

पंधरा दिवसांनी वसईच्या त्या बहीण पुन्हा आल्या, बरोबर त्यांच्या ओळखीचे बँडमधले एक क्लॅरिनेटवाले काका आणि एक ट्रम्पेट वाजवणारा तरुण. मुलांना पहिल्यांदा खरी वाद्ये जवळून दिसली. व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात हे मी सांगितले होते, ते कोणाला खरे वाटले नव्हते. प्रत्येकाने हात लावून पाहिला, शेवटी बहिणींना राळ पुन्हा लावावी लागली. मग सगळ्यांनी मिळून काहीतरी वाजवायचे ठरले, आणि तिथे अडले. तारपा त्यांच्या कुठल्याच सुरात बसेना. मोठ्या ऑर्केस्ट्रात सुरुवातीला ओबो एक सूर धरतो आणि बाकीचे सगळे आपली वाद्ये त्या सुराशी मिळवतात. ओबोचा सूर स्थिर असतो, चटकन बदलता येत नाही, म्हणून. बहिणींनी तारप्याचा सूर दोन-तीनदा ऐकला, आणि काही न बोलता व्हायोलिनच्या चारही तारा उतरवून तारप्याला लावल्या. क्लॅरिनेटवाल्या काकांनी वाद्याचा सांधा थोडा बाहेर ओढून जमेल तेवढे खाली आणले. पूर्ण जुळले का? नाही. ट्रम्पेट तर शेवटपर्यंत वेगळ्याच गावाला होता. पण मुलांना काही फरक पडला नाही.

मुलांनी गोष्ट बदलली होती. पीटरच्या जागी एक वारली मुलगा, लांडग्याच्या जागी तरस, शिकाऱ्यांच्या जागी वनखात्याचे गार्ड. बदकाची कोंबडी केली, कारण तरस कोंबडी नेतो हे सगळ्यांना माहीत. व्हायोलिन मुलगा, क्लॅरिनेट मांजर, ट्रम्पेट गार्डची शिट्टी, ढोलकी बंदुका, आणि पाखरू एका मुलीने तोंडाने शीळ घालून केले. मी विचारले, आणि तारपा? मला वाटले डोंगर म्हणतील, किंवा आजोबा. तो सहावीतला मुलगा म्हणाला की तारपा गोष्टीत नसतो, तारपा गोष्ट सांगतो. पाय कधी बदलायचे ते तोच सांगतो ना. म्हणून तारपा निवेदक झाला. प्रत्येक पात्र यायच्या आधी त्याचे वडील एक चाल धरायचे आणि ती ऐकून ते पात्र उठायचे. माझे सांगण्याचे काम गेले. मी मावशींबरोबर पायरीवर बसून ऐकले.

फार मोठा कार्यक्रम झाला असे समजू नका. मध्येच पाऊस आला, ढोलकीवाला झोपला, तरस झालेल्या मुलाने कोंबडी झालेल्या मुलीला खरोखर ढकलले आणि रडारड झाली. पण ती तिसरीतली मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि तक्त्यावर एक-एक वाद्य दाखवत सगळी नावे सांगून गेली. व्हायोला आणि व्हायोलिन यांत चुकली. ते मीही चुकते.

पुढे काही दिवसांनी एका मंडळीतल्या वडीलजनांनी मला विचारले, ऐकले ते खरे का? मी म्हटले, खरे. ते म्हणाले, विचार करून करा. मी म्हटले, विचार न करता केले ते आधीचे होते. आमचे एकमत झाले नाही. ते दर महिन्याला मुलांसाठी तूरडाळ पाठवत, अजूनही पाठवतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे आणि त्यांची शंका खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या मंडळीत काय वाजावे आणि उपासनेत काय वाजावे, याचा निर्णय मंडळीने प्रार्थनेने करायचा आहे, माझ्या एकटीचा तो अधिकार नाही. मी एवढेच सांगते की मुलाने घरून आणलेले वाद्य यापुढे माझ्या कपाटावर जाणार नाही. तुम्हांला हे पटत नसेल तर जेवणाच्या वेळी मला भेटा. मागून कळण्यापेक्षा समोरून ऐकलेले बरे, म्हणून आज सगळे सांगितले.

देणगीचे एक सांगते आणि थांबते. खोक्यांतून बंद पडलेले कीबोर्ड पाठवू नका, तीन आहेत, तीनही मुके. त्यापेक्षा कोणाच्या घरात व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट वाजवणारे असेल तर एखादा शनिवार त्यांनाच पाठवा. राहण्याजेवण्याची सोय आम्ही करू. गोष्ट आमच्याकडे तयार आहे, आवाज हवेत. थोड्या मोठ्या मुलांसाठी पुढे सेंट-सान्सचे प्राण्यांचे संगीत ऐकवायचा विचार आहे. त्यात हत्ती म्हणजे डबल बेस आहे, आणि हंस म्हणजे चेलो. हत्तीची धून मी एकदा सहज लावली होती, त्या दिवशी जेवणाच्या रांगेत सगळे हत्ती होऊन उभे राहिले.

तो मुलगा आता सातवीत आहे. तारप्याचा श्वास त्याला अजून साधलेला नाही. वडिलांनी त्याला सराव सांगितला आहे: तांब्यात पाणी घ्यायचे, पपईच्या पानाचा पोकळ देठ त्यात बुडवायचा आणि बुडबुडे न तुटता फुंकत राहायचे, श्वास नाकाने घ्यायचा. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी तो विहिरीजवळ तांब्या घेऊन बसतो. बाकीची मुले मोजतात. कालच्या सकाळी मी निघाले तेव्हा आकडा एकोणीसपर्यंत गेला होता, आणि मग कोणीतरी त्याला हसवले.